टायरमधली हवा कोणी बघायची? दारावरच्या एका आकड्याचा इतिहास

संशोधनाचा विषय शोधायचा म्हटलं की आपली पहिली धाव ग्रंथालयाकडे असते. ती असायलाही हवी. पण आज जरा दुसरीकडून सुरुवात करू. घरची, मामाची, शेजाऱ्यांची, कोणाचीही चारचाकी असेल तर तिचा चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा. दरवाजा बंद होताना ज्या खांबाला टेकतो तिथे बहुतेक गाड्यांना एक स्टिकर असतं. पुढच्या टायरमध्ये हवा किती, मागच्यात किती, गाडीत दोघंच असतील तर किती आणि माणसं-सामान भरलेलं असेल तर किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. ३०, ३२, ३३ असे आकडे आणि पुढे पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? आला. कारण हा आकडा छापला की एक काम कंपनीकडून निघून तुमच्याकडे येतं. कंपनी सांगते, आम्ही आकडा दिला, आता तो पाळणं तुमचं काम. अपघात झाला की पहिला वाद तिथेच होतो: गाडी वाईट होती की मालकानं काळजी घेतली नाही? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कसं बदलत गेलं ते आज पाहू. वाटेत संशोधनाचे दोन-तीन धडेही मिळतील.

आधी हवेचं गणित

इतिहास लिहिताना तांत्रिक भाग "तो इंजिनिअर लोकांचा" म्हणून सोडून देण्याची आपल्याला सवय असते. तसं करू नका. वाद नेमका कशावर होता हेच मग कळत नाही.

टायर गाडीचं वजन पेलतो ते मुख्यतः आतल्या हवेच्या जोरावर. हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त टेकतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत जास्त वाकते. सतत वाकलं-सरळ झालं की रबर तापतं. वेग जास्त, वजन जास्त, हवामान गरम, की ही उष्णता आणखी वाढते. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. उष्णतेनं त्यांच्यातली पकड सुटली तर वरचा रबराचा थर सोलून निघतो. आपण सरसकट "टायर फुटला" म्हणतो, त्यात हा प्रकारही येतो.

दुसरी गोष्ट, टायरमधला दाब तापमानाप्रमाणे बदलतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय असा हिशेब धरतात. म्हणून स्टिकरवरचा आकडा "थंड" टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. पन्नास किलोमीटर पळवून आणून पंपावर हवा तपासली तर काटा जास्तच दाखवणार. तेव्हा हवा कमी करून घेतलीत तर सकाळी टायर खरोखरच कमी हवेचा असेल. आणि टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ होत नाही.

एवढं लक्षात ठेवा आणि आता अमेरिकेला चला.

१९६० : पुढे १५, मागे २६

१९६० सालच्या मॉडेलपासून जनरल मोटर्सनं शेव्हरोले कॉर्व्हेअर नावाची गाडी विकायला काढली. इंजिन मागे, तेही हवेनं थंड होणारं. त्या काळातल्या अमेरिकी गाड्यांपेक्षा अगदी वेगळी. इंजिन मागे असल्यामुळे वजनही मागे जास्त. शिवाय मागच्या चाकांची रचना अशी की जोरात वळण घेताना बाहेरच्या बाजूचं चाक आत दुमडू शकायचं आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाण्याची भीती असायची.

कंपनीनं यावर जो उपाय केला त्यात हवेच्या दाबाला मोठं स्थान होतं. पुढच्या टायरमध्ये १५ पीएसआय आणि मागच्यात २६. पुढचे टायर मऊ ठेवले की वळणावर तेही थोडे घसरतात आणि पुढच्या-मागच्या पकडीचा तोल साधतो. कागदावर हे चोख होतं. पण विचार करा, पेट्रोल पंपावरच्या माणसाला पुढे १५ हा आकडा दिसला तर तो काय करेल? हवा कमी झाली समजून चारही टायर सारखे भरून देईल. मालकही खूश होऊन पुढे जाईल.

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं "अनसेफ ॲट एनी स्पीड" हे पुस्तक आलं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर आहे. त्यातल्या युक्तिवादाचा गाभा असा: गाडी वळणावर सुरक्षित राहणं हे जर मालकानं एक चमत्कारिक दाब सतत राखण्यावर अवलंबून असेल, तर रचनेतली उणीव कंपनीनं मालकाच्या गळ्यात बांधली आहे. जनरल मोटर्सनं नेडर यांच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. गाडी कशी असावी याचे किमान नियम आता सरकार ठरवणार होतं.

इथे थांबलं तर गोष्ट छान होते: एक खलनायक, एक नायक, शेवटी कायदा. पण १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्याच रस्ता सुरक्षा संस्थेनं चाचण्या करून सांगितलं की १९६० ते १९६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या तशाच इतर गाड्यांच्या तुलनेत जास्त धोकादायक नव्हती. मग नेडर चुकले का?

पहिला धडा इथे आहे. दोन साधनं एकमेकांच्या विरोधात दिसली की लगेच पंच होऊ नका. दोघांनी प्रश्न कोणता विचारला ते आधी बघा. सरकारी अहवालाचा प्रश्न होता, "ही गाडी इतरांपेक्षा वाईट आहे का?" नेडर यांच्या प्रश्नाचा रोख होता, "सामान्य मालकाकडून एवढी अपेक्षा करणं योग्य आहे का?" इतर गाड्याही तितक्याच वाईट असतील तर पहिल्याचं उत्तर "नाही" येईल आणि दुसऱ्याचंही "नाही". दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात.

२००० : २६ की ३०?

आता चाळीस वर्षं पुढे या. फोर्ड एक्सप्लोरर ही उंच बांध्याची, कुटुंबांची आवडती गाडी. तिला फायरस्टोनचे टायर. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांच्या काळापासून या दोन घराण्यांचं आणि कंपन्यांचं नातं होतं. १९८८ मध्ये फायरस्टोन जपानच्या ब्रिजस्टोननं विकत घेतली, तरी ते टिकून होतं.

महामार्गावर टायरचा वरचा थर सोलून निघायचा, गाडी उलटायची, माणसं दगावायची. सौदी अरेबिया, व्हेनेझुएला अशा उष्ण देशांतून तक्रारी आधीच येत होत्या. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीनं विषय लावून धरला आणि ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकेत अशा अपघातांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या २७० च्या वर गेली.

मग भांडण सुरू झालं, आणि त्यात पुन्हा हवा आली! फोर्डनं एक्सप्लोररसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं. फायरस्टोन म्हणाली, ३० ठेवा. २६ वर आणखी थोडी हवा गेली की टायर तापतो. फोर्ड म्हणाली, दोष टायरचाच, कारण याच एक्सप्लोररला गुडइयरचे टायर होते तेव्हा असा त्रास जवळपास नव्हता. फायरस्टोन म्हणाली, दोष गाडीचा, थर सोलला म्हणून गाडी उलटायलाच हवी असं नाही. मे २००१ मध्ये फायरस्टोननं फोर्डला टायर पुरवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि जवळपास शंभर वर्षांचं नातं संपलं. सरकारी तपासात टायरमध्ये दोष असल्याचं निघालं, तर एक्सप्लोररची चौकशी करा ही फायरस्टोनची मागणी २००२ मध्ये फेटाळली गेली.

या सगळ्यात तुमच्या कामाची एक मोठी गोष्ट आहे. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यांनी विचारलं, सदोष टायर नेमके कुठे आणि केव्हा बनले? इलिनॉय राज्यातल्या डेकेटर इथल्या कारखान्यात १९९० च्या दशकाच्या मध्यावर कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात मोठा संघर्ष झाला होता. संप झाला, बदली कामगार आणले गेले. टायरवर कारखान्याची आणि उत्पादनाच्या आठवड्याची खूण असते, त्यामुळे कोणता टायर कधीचा हे कळतं. दोघांनी डेकेटरचे टायर आणि त्याच कंपनीच्या इतर कारखान्यांतले टायर, संघर्षाचा काळ आणि त्याआधीचा-नंतरचा काळ, अशी तुलना केली. संघर्षाच्या काळातल्या डेकेटरच्या टायरांबद्दल तक्रारी ठळकपणे जास्त निघाल्या. आणि गंमत अशी, की नवखे बदली कामगार हे एकच कारण पुरत नव्हतं. कंपनीनं सवलती मागायला सुरुवात केली तेव्हा, आणि संपावरून परतलेले कामगार व बदली कामगार शेजारी-शेजारी काम करत होते तेव्हा, दोष वाढलेले दिसले.

बघा, दारावरच्या आकड्यावरून चाललेला वाद कारखान्यातल्या माणसांच्या नात्यापर्यंत जाऊन पोचला. मालकानं हवा रोज तपासली असती तरी त्याला हे कसं दिसणार होतं? दुसरा धडा हा, की तुलना कशाची कशाशी करायची हे ठरवणं म्हणजे निम्मं संशोधन. फोर्डनं गाडी तीच ठेवून टायर बदलून पाहिला. क्रूगर-मास यांनी कंपनी तीच ठेवून कारखाना आणि काळ बदलून पाहिला. तुमच्या आराखड्यात "तुलनात्मक अभ्यास" असा शब्द असेल, तर काय स्थिर ठेवणार आणि काय बदलणार हे दोन ओळींत लिहिता येतंय का ते तपासा.

दिवा कधी लागतो?

या प्रकरणानंतर १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत ट्रेड ॲक्ट नावाचा कायदा झाला. टायरमधली हवा कमी झाली की गाडीनंच चालकाला सांगावं, असा त्यातला एक भाग. डॅशबोर्डवर उद्गारचिन्हासह घोड्याच्या नालेसारखा जो पिवळा दिवा लागतो, तो याच परंपरेतला.

सांगायचं कसं, यावर मात्र पुन्हा वाद. एक पद्धत म्हणजे प्रत्येक चाकात दाब मोजणारा सेन्सर. दुसरी स्वस्त पद्धत म्हणजे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांच्या फिरण्याचा वेग घ्यायचा आणि कोणतं चाक वेगळं फिरतंय ते बघायचं. हिची अडचण अशी, की चारही टायरची हवा हळूहळू सारखीच उतरली तर वेगळं असं कोणीच दिसत नाही. आणि घरच्या गाडीत नेमकं तेच होत असतं. २००२ च्या नियमानं कंपन्यांना अशी मुभा दिली की एका टायरची हवा ३० टक्के उतरल्यावर इशारा दिला तरी चालेल. त्याविरुद्ध पब्लिक सिटिझन ही संस्था न्यायालयात गेली. ही संस्था १९७१ मध्ये कोणी काढली होती? राल्फ नेडर यांनी. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयानं नियम रद्द केला. २००५ मध्ये नवा नियम आला: एक ते चार, कोणत्याही टायरमध्ये सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी हवा झाली की इशारा हवा. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला.

आता २५ टक्क्यांचा हिशेब करा. स्टिकरवर ३२ असेल तर त्या नियमाप्रमाणे दिवा लागणं २४ ला बंधनकारक. मधल्या आठ पीएसआयमध्ये दिवा गप्प राहू शकतो. एक्सप्लोररचा सगळा वाद चार पीएसआयचा होता हे आठवा. म्हणजे दिवा लागला नाही याचा अर्थ "हवा बरोबर आहे" असा नाही. "फार कमी झालेली नाही" एवढाच आहे. ज्या गाड्यांत दुसरी, वेगावरून ओळखणारी पद्धत असते, तिथे हवा भरल्यावर यंत्रणा रीसेट करावी लागते. हे मॅन्युअलमध्ये असतं आणि मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये.

आपल्याकडे काय?

आपल्याकडच्या गोष्टीची सुरुवात एका शब्दापासून करू. जादा चाकाला आपण "स्टेपनी" म्हणतो. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवायला घेतलं, आणि गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव पडलं. इंग्लंडमध्ये आज हा शब्द कोणाला कळणार नाही, पण आपल्याकडे पंक्चरवाल्यापासून परिवहन कार्यालयापर्यंत तो चालतो. आणि आता ती वस्तूच जायला लागली आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला: दाब सांगणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल तर ठरावीक गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालेल. एक सुरक्षा गेली, दुसरी आली. पण दुसरी वापरायची कशी, हे मालकाला कोणी शिकवलं?

कायद्याचा क्रम पाहा. मोटार वाहन कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ चे. सदोष गाडी परत मागवायला लावण्याचा स्पष्ट अधिकार सरकारला मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीनं, कलम ११०-अ. त्याआधी २०१२ पासून उत्पादकांची ऐच्छिक आचारसंहिता होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि योग्यता तपासणी येते ती नूतनीकरणाच्या वेळी. मधे पीयूसी असते, पण ती धूर तपासते, ब्रेक किंवा टायर नाही. ब्रिटनमध्ये १९६० मध्ये वार्षिक तपासणी आली तेव्हा ती दहा वर्षं जुन्या गाड्यांना होती. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आणली गेली. म्हणजे आपल्याकडे पंधरा वर्षं टायरची तपासणी कोणी करायची? मालकानंच.

आता समृद्धी महामार्ग घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. सिमेंट काँक्रीटचा सरळ रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा. टायर फुटण्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये परिवहन विभागानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. पण १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खाजगी बसचा अपघात होऊन २५ जण गेले, तेव्हा चालकाचं म्हणणं होतं की टायर फुटला. परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं म्हटलं होतं.

हा तिसरा धडा. "टायर फुटला" हे कधी कारण असतं, कधी परिणाम, आणि कधी बचावही. वाहनाच्या दोषावर बोट ठेवलं की माणूस सुटतो. माणसावर ठेवलं की वाहन, रस्ता आणि यंत्रणा सुटते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली आणि सरकारी अहवालात त्यातले ७१.२ टक्के मृत्यू "अतिवेग" या रकान्यात आहेत. वेग मारतोच, त्यात शंका नाही. पण कमी हवेचा टायर वेगातच तापतो. मग त्या अपघाताची नोंद कोणत्या रकान्यात होणार? रकाना भरणाऱ्यापुढे पर्याय किती होते? टायर उघडून बघणारं कोणी होतं का? असे प्रश्न विचारल्याशिवाय तक्ता उचलून प्रबंधात चिकटवू नका. त्या रकान्याच्या मागे कोणाची तरी भरपाई अडकलेली असते.

तुमच्या आराखड्यासाठी

यातून कोणाला विषय काढायचा असेल तर साधनं आजूबाजूलाच आहेत. जुन्या गाड्यांची मॅन्युअलं रद्दीत आणि गॅरेजमध्ये मिळतात. दोन दशकांच्या अंतरानं आलेली दोन मॅन्युअलं शेजारी ठेवा आणि "मालकानं स्वतः करायची कामं" आणि "अधिकृत सेवाकेंद्राकडे न्यावं" या दोन याद्या मोजा. कोणती कामं एका यादीतून दुसरीत गेली? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांचे निकाल वाचा आणि "देखभाल" हा शब्द कोणाच्या विरोधात वापरला जातो ते बघा. पंक्चरवाल्यांच्या आणि पंपावर हवा भरणाऱ्यांच्या मुलाखती घ्या. हे सगळं गाडीचं ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्यांचं नाव कोणत्याच अहवालात नसतं. मुलाखतीला जाताना प्रश्नावली नंतर काढा, आधी काम बघा.

आणि घरच्या गाडीचं म्हणाल, तर सकाळी थंड असताना महिन्यातून एकदा हवा मोजा, लांबच्या प्रवासाआधी नक्की. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोच बघा. स्टेपनी असेल तर तिचीही हवा तपासा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर बदला. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की वेळ झाली. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा गट वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. क्रूगर आणि मास यांनी ज्या प्रकारच्या खुणेवरून काम केलं, ती तुमच्या गाडीवरही आहे.

एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. उद्याच्या गाड्या ब्रेक स्वतः लावतील, दुरुस्ती इंटरनेटवरून उतरवून घेतील, कॅमेऱ्याची काच पुसायची जबाबदारी मात्र मॅन्युअलमध्ये मालकावर टाकलेली असेल. त्या वाक्याचा इतिहास कोण लिहिणार?